स्लोप पास, रिपोर्ट नापास: ऐरोलीच्या बोअरवेलमधलं नसलेलं नायट्रेट

रिपोर्टवरच्या दोन ओळी आधी सांगते. सातवी ओळ: क्लोराइड, २४०० मिग्रॅ प्रति लिटर. नववी ओळ: नायट्रेट, ४८ मिग्रॅ प्रति लिटर. मधे सल्फेटची एक ओळ, खाली माझी सही. चूक कुठे आहे ते त्याच कागदावर, दोन बोटांच्या अंतरावर छापलेलं होतं. ते दिसायला आम्हाला नऊ दिवस लागले.

आमची लॅब रबाळ्याच्या एमआयडीसीत आहे. पाणी आणि सांडपाणी हेच मुख्य काम. मे महिना म्हणजे आमचा सीझन: टाक्या तळाला गेलेल्या, टँकर सुरू, आणि सोसायट्यांना एकदम आपल्या बोअरवेलची आठवण झालेली. त्या महिन्यात दिवसाला चाळीसेक नमुने येतात आणि काउंटरवर बर्फाच्या डब्यांची रांग लागते.

हा नमुना ऐरोलीतल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी स्वतः आणला होता. खाडीकडचा सेक्टर, भराव टाकून उभी राहिलेली जमीन. प्यायला मोरबे धरणाचं पालिकेचं पाणी. बोअरवेल फक्त फ्लश आणि बागेसाठी. तक्रार बागेची होती. लॉन पिवळं पडलेलं, जास्वंदीची पानं कडेनं करपलेली. प्लंबरनं निदान करून टाकलं होतं: बोअरच्या शेजारून जाणारी ड्रेनेजची लाइन फुटली आहे आणि घाण पाणी बोअरमध्ये उतरतंय. "मॅडम, नायट्रेट जास्त आलं की सिद्धच झालं ना?" सेक्रेटरींनी विचारलं. मी म्हटलं, एकट्या नायट्रेटनं सिद्ध होत नाही, पण संशयाला जागा राहते. एवढं बोलून नमुना आत घेतला. त्याच दिवशी अमोनिया आणि ई. कोलायही लावून घ्या असं मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, त्यांना चार चाचण्यांचेच पैसे मंजूर झाले होते.

आमच्याकडे नायट्रेट दोन प्रकारे होतं. एक, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे पाण्यात अतिनील प्रकाश किती शोषला जातो ते मोजून. दुसरं, नायट्रेटच्या आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडवर, म्हणजे पाण्यात बुडवला की एका ठरावीक आयनाचं प्रमाण मिलिव्होल्टमध्ये सांगणाऱ्या कांडीवर. इलेक्ट्रोड झटपट होतो, गाळावं लागत नाही, क्वार्ट्झचे क्युव्हेट धुवावे लागत नाहीत, ड्युटेरियम लॅम्पचे तास जळत नाहीत. नळाच्या पाण्यासाठी आम्ही तो वर्षानुवर्षं वापरत आलो होतो आणि प्रावीण्य चाचण्यांमध्येही त्याच्यावर पास होत आलो होतो. सीझनमध्ये सगळं त्याच्यावरच ढकललं जायचं.

त्या सकाळचं कॅलिब्रेशन रजिस्टरमध्ये आहे. आमच्या ज्युनिअर मुलीनं केलेलं, आणि नीट केलेलं. ५, ५० आणि ५०० मिग्रॅची तीन स्टँडर्ड, म्हणजे नेमकं प्रमाण माहीत असलेली द्रावणं, तिन्ही फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवलेली. प्रत्येक १०० मिलीत २ मिली आयएसए, म्हणजे दोन मोलरचं अमोनियम सल्फेट. ते घालायचं ते स्टँडर्ड आणि नमुना दोन्हींची आयनिक तीव्रता एका पातळीवर यावी म्हणून. बीकरखाली थर्माकोलचा तुकडा, कारण स्टररची मोटर तापली की पाणीही तापतं. इलेक्ट्रोड जरा तिरका बुडवायचा, नाहीतर पडद्याखाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि मीटर भरकटतो. पातळ स्टँडर्डकडून दाट स्टँडर्डकडे जायचं, मधे धुवायचं, टिश्यूनं टिपायचं पण पुसायचं नाही. आकडे आले २३८.२, १८१.६ आणि १२४.७ मिलिव्होल्ट.

नायट्रेट ऋणभारित, म्हणून प्रमाण दसपट वाढलं की मिलिव्होल्ट उतरतात. सिद्धान्तानं २५ अंशांना दर दशकामागे ५९.१६ उतरायला हवेत. नर्न्स्टचं समीकरण तेच सांगतं. आमचा उतार, म्हणजे स्लोप, ५६.७ च्या आसपास, म्हणजे ९६ टक्के. उत्तम. इलेक्ट्रोडबरोबर आलेल्या कागदावर ५४ ते ६० चालतो असं लिहिलेलं. खोलीचं तापमान २५. सगळ्या चौकटींवर टिक.

मग सेक्रेटरींचं पाणी: १८२.६ मिलिव्होल्ट, म्हणजे ४८ मिग्रॅ. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा ४५, आणि तिला पर्यायी स्रोत नसला तरी सूट नाही. एकच भार असलेल्या आयनाला एक मिलिव्होल्ट म्हणजे साधारण चार टक्के, त्यामुळे ४५ आणि ४८ मधलं अंतर जेमतेम दीड मिलिव्होल्टचं. म्हणून ज्युनिअरनं पुन्हा वाचलं. पुन्हा ४८. रिपोर्ट गेला.

आठवडाभरात सोसायटीच्या कमिटीनं ड्रेनेज लाइन खणायचं कोटेशन मागवलं. पार्किंगचे पेव्हर ब्लॉक उचलायचे, चेंबर फोडायचं, सत्तर फूट पाइप बदलायचा. आणि मग एके दुपारी आमच्या काउंटरवर त्याच सोसायटीतले एक काका येऊन उभे राहिले. निवृत्त, आयुष्य एका केमिकल कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये गेलेलं. खिशातून त्यांनी प्लास्टिकची छोटी पिशवी काढली. आत माशांच्या टाकीचं पाणी तपासायची एक पट्टी, फिकट गुलाबी झालेली.

"हे आमच्या बोअरचं पाणी," काका म्हणाले. "दहा आणि पंचवीसच्या मधे कुठेतरी. तुमचं अठ्ठेचाळीस. माझी पट्टी चुकली असेल तर मला माशांची काळजी करावी लागेल. तुमचं चुकलं असेल तर सोसायटीला पार्किंगची."

आणि निघता निघता एक वाक्य टाकून गेले, जे मला त्या वेळी नुसतं खवचट वाटलं: "मॅडम, गटाराचं पाणी मिळालं असतं तर आमची जास्वंद फोफावली असती हो, करपली कशाला असती?"

खरं सांगते, माशांच्या पट्टीवरून आपल्या इलेक्ट्रोडवर शंका घ्यायची माझी तयारी नव्हती. पण काकांना उत्तर तर द्यायचं होतं. पंपमनला फोन करून ताजा नमुना मागवला, बोअर दहा मिनिटं सोडून मग भरलेला.

सगळ्या परीक्षांत पास

नवं कॅलिब्रेशन, ताज्या वजनाची स्टँडर्ड. स्लोप ९६ टक्के. नमुना ४८.

स्पाइक लावला, म्हणजे माहीत असलेलं नायट्रेट मुद्दाम घालून पाहिलं: १०० मिली नमुन्यात २००० मिग्रॅ ताकदीच्या नायट्रेट द्रावणाचा १ मिली. आधीचे ४८ किंचित पातळ होऊन ४७.५, वर १९.८ ची भर, एकूण ६७.३ यायला हवेत. आले ६६.६. रिकव्हरी, म्हणजे घातलेल्यातलं परत दिसलेलं, साडेशहाण्णव टक्के. पाण्यातलं दुसरं काही इलेक्ट्रोडला दाबत किंवा फुगवत असतं तर रिकव्हरी बिघडली असती, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग नमुना पाचपट पातळ केला. ९.७ आले, गुणिले पाच ४८.५. पातळ केलं तरी हिशोब जुळतो म्हणजे अडथळा नाही, हेही आम्ही धरून चाललो होतो.

ज्युनिअर म्हणाली, "ताई, काकांची पट्टी चुकली." मलाही तसंच वाटत होतं. तरी एक काम राहिलं होतं म्हणून नमुना यूव्हीवर लावला. ५० मिली गाळलेलं पाणी, त्यात १ मिली हायड्रोक्लोरिक आम्ल, २२० नॅनोमीटरला शोषण ०.७४२. सेंद्रिय पदार्थांची वजावट करायला २७५ ला ०.०१८, त्याची दुप्पट वजा. वजावट दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे पद्धत इथे लागू पडते. उत्तर १२.३ मिग्रॅ.

काकांच्या पट्टीच्या बरोबर मधे.

आता आमच्या इन-चार्ज सरांनी जे केलं ते कुणीही केलं असतं. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला आणि ४८ ला ४.४३ नं भागलं. उत्तर १०.८. नायट्रेट दोन प्रकारे लिहितात: अख्ख्या नायट्रेट आयनाचं वजन किंवा त्यातल्या फक्त नायट्रोजनचं. दोन्हींमधला गुणक ४.४३. पाण्याच्या लॅबमधली निम्मी भांडणं या एका गुणकावरून होतात. १०.८ आणि १२.३ तसे शेजारीच. सर म्हणाले, "युनिटचा घोळ आहे. कुणीतरी दोनदा गुणलंय. रिपोर्ट सुधारा, पत्र टाका, विषय संपला."

तो खुलासा इतका सोयीचा होता की मी पत्राचा मसुदाही टाइप केला. पाठवण्याआधी फक्त स्टॉक द्रावणाचं रजिस्टर उघडलं. घोळ असेल तर तिथे दिसायला हवा होता. एक लिटरला १००० मिग्रॅ नायट्रेट हवं तर पोटॅशियम नायट्रेट १.६३१ ग्रॅम घ्यायचं. १००० मिग्रॅ नायट्रोजन हवं तर ७.२१८ ग्रॅम. रजिस्टरमध्ये वजन १.६३१२. बाटलीवर तेच, मीटरमध्ये तेच युनिट. यूव्हीची स्टँडर्डही त्याच बाटलीतून पातळ केलेली. गुणकाला घुसायला फटच नव्हती. १०.८ हा निव्वळ योगायोग होता.

अशा योगायोगानं किती प्रकरणं बंद झाली असतील, हा विचार अजूनही मधूनमधून येतो.

सातवी ओळ

रजिस्टर उघडंच होतं. त्याच पानावर, वरच्या भागात, त्याच नमुन्याचं क्लोराइडचं टायट्रेशन. ५ मिली नमुना १०० मिलीपर्यंत पातळ केलेला, पोटॅशियम क्रोमेटचा पिवळा रंग, सिल्व्हर नायट्रेटचे २४ मिली गेल्यावर विटकरी झाक. शेजारी कंसात ज्युनिअरच्या अक्षरात: "खूप खारट, पातळ करावं लागलं."

२४०० मिग्रॅ क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात साधारण १९,००० असतं. म्हणजे त्या बोअरमध्ये जवळजवळ आठवा हिस्सा समुद्र होता. मे महिना, गोड्या पाण्याची पातळी खाली, चोवीस तास पंप, आणि हाकेच्या अंतरावर ठाण्याची खाडी. यात नवल काहीच नाही.

इलेक्ट्रोडच्या माहितीपत्रकात अडथळ्यांचा तक्ता असतो. तो मी शिकताना वाचला होता, पाठही केला असेल. पण आमच्याकडे येणाऱ्या नळाच्या पाण्यात क्लोराइड कसंबसं दोन आकडी, त्यामुळे तो तक्ता कधी उपयोगी पडलाच नव्हता, आणि जे उपयोगी पडत नाही ते डोक्यातून जातं.

मी नमुना बाजूला ठेवला. भट्टीत वाळवलेलं एआर ग्रेडचं सोडियम क्लोराइड घेतलं, ३.९६ ग्रॅम, डिस्टिल्ड पाण्यात एक लिटर. म्हणजे बरोबर २४०० मिग्रॅ क्लोराइड आणि नायट्रेट शून्य. मिठातच नायट्रेट असेल ही शंका नको म्हणून ते आधी यूव्हीवर पाहिलं. २२० ला जवळपास काहीच नाही. मग १०० मिलीत २ मिली आयएसए घालून इलेक्ट्रोड बुडवला. मीटर थोडा वेळ रेंगाळला आणि १८९.७ वर थांबला.

छत्तीस. निव्वळ मिठाच्या पाण्यात ३६ मिग्रॅ नायट्रेट.

३६ आणि यूव्हीचे १२. बेरीज ४८. ज्युनिअर माझ्याकडे बघत होती, मी मीटरकडे.

हे का होतं ते थोडक्यात, कारण "सिलेक्टिव्ह" या नावानंच फसगत होते. नायट्रेटचा इलेक्ट्रोड म्हणजे प्लास्टिकचा एक पातळ, तेलकट पडदा. त्यात मोठाले धनभारित रेणू मुरवलेले. त्या पडद्याला नायट्रेट ओळखता येत नाही. त्याला एवढंच कळतं की कोणता ऋण आयन पाणी सोडून तेलात यायला किती राजी आहे. परक्लोरेट सगळ्यांत उतावीळ, मग आयोडाइड, मग नायट्रेट, त्यामागे ब्रोमाइड आणि नायट्राइट, बरंच मागे क्लोराइड, आणि सगळ्यांत शेवटी पाण्याला चिकटून बसणारं सल्फेट. आयएसए सल्फेटचं असतं ते त्यामुळेच. प्रथिनांना साका आणणाऱ्या क्षारांवरून हॉफमाइस्टर यांनी १८८८ च्या सुमारास जो क्रम मांडला, त्याच कुळातला हा.

क्लोराइड मागे आहे खरं, पण संख्येनं येतं. ही गोष्ट आकड्यात मांडणारं समीकरण निकोल्स्की यांनी १९३७ साली काचेच्या इलेक्ट्रोडसाठी दिलं, पुढे आयझेनमन यांनी वाढवलं. त्याचा मथितार्थ असा की मीटर नायट्रेट दाखवत नाही; नायट्रेट अधिक क्लोराइडचा एक ठरावीक हिस्सा दाखवतो. हा हिस्सा आम्ही मोजला. ३६ मिग्रॅ नायट्रेट म्हणजे ०.५८ मिलिमोल, २४०० मिग्रॅ क्लोराइड म्हणजे ६७.७ मिलिमोल. भागाकार ०.००८६. रोजच्या भाषेत, दर १०० मिग्रॅ क्लोराइडमागे दीड मिग्रॅ खोटं नायट्रेट. नळाच्या पाण्यात हे कुणाला कळणारही नाही. खाडीकाठच्या बोअरमध्ये हे दीड चोवीस पटीनं येतं.

मग आमच्या त्या तीन परीक्षा पास कशा झाल्या? स्लोप निघतो शुद्ध पाण्यातल्या स्टँडर्डवर. तिथे क्लोराइडच नाही, तर तो बिघडेल कशाला? स्पाइक लावताना आपण बघतो ती वाढ. खोटे ३६ आधीही होते, नंतरही होते, वजाबाकीत उडून गेले. पातळ केलं तेव्हा नायट्रेटबरोबर क्लोराइडही पाचपट पातळ झालं, खोटंही त्याच हिशोबानं कमी झालं, आणि पाचनं गुणल्यावर साळसूदपणे परत आलं. या तिन्ही परीक्षा गुणाकारातली चूक पकडतात. आमची चूक बेरजेतली होती. हे मी आता कागदावर सहज लिहिते आहे. त्या दिवशी ते समजायला दोन चहा आणि फळ्यावरची बरीच खाडाखोड लागली, आणि सरांना पटवायला तिसरा चहा.

मग काय करायचं

पहिला विचार नव्या पडद्याचा. कपाटात एक न फोडलेलं सेन्सर मॉड्यूल होतं. ते भिजवून, कॅलिब्रेट करून तेच मिठाचं पाणी वाचलं: २०. जुना पडदा महिनोन्महिने पाण्यात झिजून आणखी चंचल झाला होता, हे खरं. पण यात मला जास्त बोचलं ते वेगळंच. मे महिन्यात हे नवं मॉड्यूल लावलेलं असतं तर नमुन्याला ३२ आले असते. मर्यादेच्या आत. कुणी कोटेशन मागवलं नसतं, काका आले नसते, आणि अडीच पट चुकलेला आकडा बरोबर म्हणून फाइलला लागला असता.

दुसरा मार्ग पुस्तकातला: सिल्व्हर सल्फेट घालून क्लोराइड खाली बसवायचं. हिशोब केला तर ५० मिली नमुन्याला ०.५३ ग्रॅम लागत होतं. थोडं जास्त घेतलं. पावडर पाण्यात सहज विरघळत नाही, ढवळत बसावं लागतं. पण जसजशी ती विरते तसतसा पांढरा, फाटलेल्या दह्यासारखा साका धरतो आणि उजेडात ठेवला की कडेनं जांभळट पडतो. गाळून घेतलं, इलेक्ट्रोड बुडवला, आणि आकडा धावायला लागला. दहा मिनिटांत नऊ मिलिव्होल्ट सरकला.

दोष रेफरन्स इलेक्ट्रोडचा, म्हणजे तुलनेसाठी शेजारी बुडवायच्या दुसऱ्या कांडीचा, निघाला. तो डबल जंक्शनचा, एकात एक दोन नळ्यांचा. बाहेरच्या नळीत अमोनियम सल्फेट भरायचं असतं. कुणीतरी घाईत पीएचच्या टेबलावरच्या बाटलीतून पोटॅशियम क्लोराइड भरून ठेवलं होतं. ते क्लोराइड जंक्शनमधून झिरपत होतं आणि नमुन्यातल्या उरलेल्या चांदीशी तिथल्या तिथे साका बनवून भोक बुजवत होतं. नळी रिकामी करून धुतली, अमोनियम सल्फेट भरलं, पुन्हा कॅलिब्रेट केलं. नमुना १३.१. यूव्हीच्या १२.३ शी हे माझ्या मते पुरेसं जवळ आहे. खात्रीसाठी आणखी एक बाटली आयन क्रोमॅटोग्राफी, म्हणजे आयन एकेक वेगळे करून मोजणारं यंत्र, असलेल्या दुसऱ्या एका लॅबला पाठवली; तिथून ११.८ आले.

तिसरा मार्ग सरांनी सुचवला, आणि तो कागदावर सगळ्यांत देखणा होता: स्टँडर्डच खाऱ्या पाण्यात बनवायची. नमुन्यात जेवढं क्लोराइड तेवढंच ५, ५० आणि ५०० च्या स्टँडर्डमध्ये घालायचं, म्हणजे खोटं दोन्हीकडे सारखं. करून पाहिलं. मीटरनं १८६.५, १६८.३ आणि १२३.३ दाखवले. ५ ते ५० या दशकात जिथे ५६.६ उतरायला हवे तिथे १८.२. हा वाकलेला आलेख मी छापून इलेक्ट्रोडच्या टेबलासमोर चिकटवून ठेवलाय, कारण क्लोराइडचा अडथळा डोळ्यांनी दिसतो तो इथेच. या वक्रावरून वाचलं तर नमुना बाराच्या आसपास येतो, म्हणजे उत्तर सरळ होतं. पण वक्र जिथे सपाट झालाय तिथे एका मिलिव्होल्टची किंमत वाढते. मीटरला ४८ वाटतात, त्याचे चार टक्के म्हणजे जवळजवळ दोन मिग्रॅ. खऱ्या बारावर ते सोळा टक्के झाले. आमचा मीटर दुपारी एसी बंद-चालू झाला तरी एक मिलिव्होल्ट हलतो. म्हणजे कल घालवायचा आणि थरथर विकत घ्यायची. मला तो सौदा पटला नाही. सरांचं आणि माझं यावर अजून एकमत नाही. ते म्हणतात एसी दुरुस्त करा.

सध्या असं चालतं: नमुना आला की आधी कंडक्टिव्हिटी आणि क्लोराइड. क्लोराइडला दीडच्या हिशोबानं गुणायचं. येणारं खोटं नायट्रेट अपेक्षित आकड्याच्या दहा टक्क्यांवर जात असेल तर तो नमुना इलेक्ट्रोडकडे जातच नाही, यूव्हीला जातो. पाणी गढूळ किंवा रंगीत असून यूव्ही लागू पडत नसेल तरच सिल्व्हर सल्फेट. चांदीचा भाव बघता ते सणासुदीलाच परवडतं, आणि त्याचा साका सिंकमध्ये ओतायचा नाही, वेगळ्या बाटलीत साठवायचा.

मागचं रजिस्टरही चाळावं लागलं. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, इकडे कळव्याकडचे खाडीलगतचे बोअर. क्लोराइड पाचशेच्या वर आणि नायट्रेट इलेक्ट्रोडवर केलेलं. चार रिपोर्ट बदलून द्यावे लागले. एका ग्राहकानं पैसे परत मागितले, आम्ही दिले. दुसऱ्यानं जुना रिपोर्ट वाचलाच नव्हता.

ऐरोलीच्या सोसायटीला सुधारित रिपोर्ट द्यायला मी स्वतः गेले. या वेळी अमोनिया आणि ई. कोलाय आम्ही आमच्या खर्चानं लावले होते, अमोनिया ०.२ मिग्रॅ, ई. कोलाय नाही. सेक्रेटरींनी कागद दोनदा वाचला.

"म्हणजे लाइन फुटलेली नाही?"

"निदान या पाण्यात तरी तिचा पुरावा नाही, साहेब."

"मग झाडं कशानं जळतात?"

मी सातव्या ओळीवर बोट ठेवलं. ती पहिल्या रिपोर्टमध्येही तीच होती, त्याच आकड्यासकट. शेजारी बसलेले काका काहीच बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसायला लागले. पुढे पावसाळ्यापर्यंत बागेला टँकरचं पाणी घालायचं ठरलं, बोअर फ्लशपुरता ठेवला. तोही तीन तास चालवून तीन तास बंद ठेवायचा, म्हणजे खाडीला आत ओढायची घाई होणार नाही.

मिठाच्या पाण्याची ती बाटली मी टाकली नाही. दर महिन्याला नवी भरते आणि सोमवारी सकाळी कॅलिब्रेशन झालं की त्यात इलेक्ट्रोड बुडवते. बाटलीवर पट्टी लावलीय, ज्युनिअरच्या अक्षरात: "खोटं नायट्रेट". खाली आकडे. नव्या मॉड्यूलचे पहिल्या महिन्यात २०, मग २०, २१, २३. गेल्या सोमवारी २४ आले. तिसावर गेले की मॉड्यूल बदलायचं ठरलंय. ऑर्डर मी आत्ताच टाकून ठेवलीय, यायला सहा आठवडे लागतात.